मायाळू डमी

स्टोअररूमच्या दारापासून जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत रांग लागली होती, आणि रांगेत उभे होते ते काही अडाणी लोक नव्हते. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, दोनशे सहा हाडं, सगळं तोंडपाठ असलेले बारा प्रशिक्षणार्थी उद्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी हात भारून घ्यायला आले होते. पास झाले की पॅरामेडिक होऊन ॲम्ब्युलन्सवर बसायचं, लोकांचे जीव वाचवायचे. तूर्त स्वतःची परीक्षा वाचवायची म्हणून सगळ्यांनी बाह्या वर सारल्या होत्या.

आत खुर्चीवर स्टोअरकीपर बसले होते. पूर्वी सगळे त्यांना नुसतं काका म्हणायचे. गेल्या बॅचचे चौदाच्या चौदा पास झाले आणि काकांचे एकदम हस्तगुरू झाले. ते घ्यायचे काही नाहीत, एवढं मोठं मन. फक्त स्टोअर झाडायचं, बँडेजचे खोके लावायचे, त्यांची स्कूटर पुसायची. काकांनी वर्षभरात झाडूला हात लावला नव्हता, आणि स्टोअर इतकं लख्ख कधीच नव्हतं.

विधी असा. कोपऱ्यात, हृदय बंद पडलेल्याची छाती दाबण्याच्या सरावाच्या दोन डमी होत्या, कमरेपर्यंतच्या, रबरी छातीच्या. छाती पाच सेंटीमीटर दबली की दिवा हिरवा लागायचा, कमी दबली तर लाल. आधी एक नंबरच्या डमीवर दाबायचं. लाल. मग काका तळवे हातात घेऊन डोळे मिटायचे आणि सांगायचे की तळव्याला सात दारं असतात, तुझी पाच बंद आहेत, दोन मी आत्ता उघडली, उरलेली जेवण झाल्यावर आपोआप उघडतील. मग दोन नंबरच्या डमीवर दाबायचं. हिरवा.

डमी का बदलायची, असं मागे एकानं विचारलं होतं. एक नंबरनं तुझं अपयश पाहिलंय, ते तिच्या मनात राहतं, असं काका म्हणाले. रबराच्या बाईला मन असतं हे सगळ्यांना पटलं. तेव्हापासून एक नंबरला ‘सासू’ आणि दोन नंबरला ‘मायाळू’ अशी नावं पडली होती. परीक्षेला कुठली डमी न्यायची हे स्टोअरच ठरवायचं, म्हणजे काका ठरवायचे.

रांगेत सर्वांत शेवटी गादीवाली उभी होती. बापाच्या दुकानात पंधरा वर्षं गाद्या शिवल्या, सोफ्याच्या स्प्रिंगा बसवल्या, म्हणून हे नाव. काका गुरू होण्याच्या आधीच्या दोन बॅचमध्ये ती सासूवर दोनदा नापास झाली होती. मधली बॅच मुलीच्या आजारपणात गेली. उद्याची तिसरी आणि शेवटची संधी. त्यानंतर नियमाप्रमाणे दार बंद, आणि गाद्या होत्याच. तिचा या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि ती तर दोनदा अडलेली.

तिच्यापुढे तिघं उरले असताना कपाटावर झोपलेलं काकांचं मांजर उठलं, आळोखेपिळोखे दिले आणि थेट मायाळूच्या छातीवर उडी मारून बसलं. दिवा हिरवा लागला.

रांग मांजराकडे आणि दिव्याकडे आळीपाळीनं बघू लागली. काकांचा चेहरा पडला. पण माणूस हुशार. म्हणाले, रोज माझ्या मांडीवर झोपतं ते, गुण लागणारच. झालं, सुटकेचा श्वास टाकून रांग हसली, दोघांनी मांजराला हात जोडले आणि एकजण त्याच्यासाठी दूध आणायला धावला.

गादीवालीला मात्र हसू आलं नाही. दिव्याकडे तिचं लक्षच नव्हतं, तिचे कान छातीकडे होते. स्प्रिंग दबली की बारीक कुरकुरते. इथं नुसता फुस्स असा आवाज आला होता, आणि हा आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. स्पंज. तिनं पुढे होऊन एका बोटानं मायाळूची बरगडी दाबून पाहिली, बाह्या खाली केल्या आणि घरी गेली.

जेवताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो घास हातात धरून म्हणाला, आधी पास हो, मग सत्य सांग, सत्य कुठे पळून जातंय. तिला ते पटतही होतं. गप्प बसलं की उद्या हिरवा दिवा ठरलेलाच होता. सासूबाईंनी तिच्या पानात भाकरी वाढली आणि एवढंच विचारलं, “तुझ्या बाबांनाही मऊवरच निजवलं होतंत ना गं?”

तिचं जेवण तिथंच थांबलं.

परीक्षेला बाहेरून डॉक्टरीणबाई आल्या होत्या, खडू जपून वापरावा तसं मोजकं बोलणाऱ्या. काकांनी मायाळूला कडेवर उचलून आणलं आणि फरशीवर ठेवलं. पहिल्यानं दाबलं, हिरवा. दुसरीनं दाबलं, हिरवा. डॉक्टरीणबाईंनी खूण केली. तिसरं नाव गादीवालीचं होतं. ती गुडघ्यांवर बसली, डमीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

“मॅडम, ही डमी खोटं बोलते.”

मागे कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, स्वतःला जमत नाही म्हणून. गादीवालीनं मायाळूच्या पाठीची चेन ओढली आणि आतलं सगळं फरशीवर मांडलं. स्प्रिंगच्या जागी उशीतला स्पंज होता. दिव्याच्या बटणावर औषधाच्या बाटलीचं रबरी बूच चिकटवलं होतं, त्यामुळे छाती अर्धीच खाली आली तरी बटण दाबलं जायचं. भारलेला हात लागत नव्हता, मांजराचा पाय पुरत होता, आणि कालची मांजराची गोष्टही तिनं सांगून टाकली.

काका ऊर्जेबद्दल काहीतरी बोलू लागले, पण डॉक्टरीणबाई बूच हातात धरून नुसत्या बघत राहिल्या, तेव्हा त्यांचा आवाज बसला. स्प्रिंग तुटली होती, म्हणाले. कळवलं असतं तर चौकशी झाली असती, म्हणून स्पंज भरला. स्पंज तळाशी गोळा व्हायचा आणि छाती बटणापर्यंत पोचायचीच नाही, म्हणून बूच लावलं. मग एका पोरानं दाबलं, हिरवा लागला, आणि तो पायाच पडला. आयुष्यात कुणी पहिल्यांदाच पाया पडलं होतं, नाही म्हणवलं नाही.

डॉक्टरीणबाई गादीवालीकडे वळल्या. “तू पास झाली असतीस. का बोललीस?”

गादीवाली खाली बघत बोलली. “माझे बाबा दुकानात कोसळले, तेव्हा आम्ही त्यांना सगळ्यांत मऊ गादीवर निजवलं. मी वीस मिनिटं छाती दाबली. खाली जात होती, मला वाटलं जमतंय. ॲम्ब्युलन्सवाल्या ताईंनी आल्याबरोबर त्यांना फरशीवर ओढलं. तोवर सगळं संपलं होतं. इथल्या पहिल्या धड्यात कळलं, मी बाबांची छाती दाबतच नव्हते. गादी दाबत होते.”

डॉक्टरीणबाईंनी दुसरी डमी मागवली.

सासूला आणलं गेलं. परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. अकरा जणांपैकी दोघांचा दिवा हिरवा लागला, नऊ जणांचा लाल. त्यातल्या एकानं तर दाबण्याआधी तळवे चोळून दारं तपासली. मग गादीवाली बसली. कोपर सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर, सगळं अंग हातावर. सासू कुरकुरायला लागली. वर्षभर सरावाला गादीवालीच्या वाट्याला सासूच यायची, कारण बाकीचे मायाळूला सोडत नव्हते. दीड मिनिटानंतर दंड थरथरले, घाम नाकावरून टपकला, पण दोन मिनिटं होईपर्यंत दिवा हिरवाच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली.

“हातात जादू नसते,” त्या म्हणाल्या. “हातात वजन असतं आणि सराव असतो. दिवा हिरवा का लागला, एवढं विचारायला शिक्षण लागत नाही. काल मांजरानं तुम्हाला उत्तर दाखवलं, तर तुम्ही मांजराच्याच पाया पडलात. आणि गेल्या बॅचचे चौदाजण आत्ता या क्षणी कुठल्या तरी घरात कुणाच्या तरी छातीवर हात ठेवून बसले असतील. त्यांना आजच परत बोलवा. चमत्कार दिसला की हात जोडू नका. चेन उघडून बघा.”

मग त्या काकांकडे वळल्या. रागानं नव्हे, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, “काका, उद्या तुमचं हृदय बंद पडलं तर या बारा जणांतून कुणाला पाठवू?”

काकांनी आपण भारलेल्या हातांकडे एक एक करून पाहिलं. पोरं आशेनं त्यांच्याकडे बघत होती, एकानं तर हात किंचित पुढेही केला. काकांनी नजर चुकवली आणि बोट गादीवालीकडे केलं.

“हिला,” ते म्हणाले. “आणि मला फरशीवर निजवा.”