पश्चिमेचा झरोका

भाद्रपद सरत आला होता. कृष्णाकाठच्या शेवाळल्या पायऱ्यांवर, धुऊन निघालेल्या कौलांवर, मंद, ओलसर, पीतवर्ण ऊन उतरले होते. आकाश निळे होते, पण त्या निळाईला अजून पावसाचा वास येत होता. नदी भरून वाहत होती आणि घाटावर फारसे कोणी नव्हते.

घाटाच्या वर, चिंचेच्या छायेत, शिवाप्पा तंबोरेवाल्याचे कौलारू घर. घर कसले, भोपळ्यांचे आजोळच ते. कौलांखाली फळ्यांची घट्ट तक्तपोशी, तिच्याखाली पोटमाळा, आणि पोटमाळ्यावर रांगेने टांगलेले थोरले थोरले भोपळे; सुवर्णवर्ण, पृथुलोदर, तोंड कापून रिते केलेले. वर्षानुवर्षे वारा खाऊन भोपळा हाडासारखा कडक झाला, की मगच त्याचा तंबोरा व्हायचा. शिवाप्पाला घाई ठाऊक नव्हती.

माळ्याला दोन झरोके होते. एक पश्चिमेला, नदीकडे. एक पूर्वेला, गल्लीकडे. नदीवरून वारा उठायचा, पश्चिमेने शिरायचा, रित्या मुखांवरून फिरायचा आणि पूर्वेने निघून जायचा. जाता जाता घर घुमायचे. धीरगंभीर, मंद्र, अनाहत असा तो घुमारा. पहाटे घुमायचा, तिन्हीसांजेला घुमायचा. लोक म्हणायचे, शिवाप्पाच्या घराला घोरायची सवय आहे.

त्या घुमाऱ्याला सूर लावत मालन वाढली. शिवाप्पा आणि गौराक्काची ती एकुलती लेक. धड बोलायला यायच्या आधी ती गायला लागली. एक दिवस माळ्यावर चढून तिने सगळ्यांत मोठ्या भोपळ्याला लाल दोरा बांधला आणि म्हणाली, "अप्पा, ह्यो माजा. ह्येचा तंबोरा मला करायचा." शिवाप्पाने मान डोलावली. मग वैशाखात ताप आला, आणि मालन गेली.

लेक गेली, वारा कुठे गेला होता? तो येतच राहिला. घर घुमतच राहिले. त्या घुमाऱ्यावर उमलणारा कोवळा कंठ तेवढा उमलेना. गौराक्का कानांवर पदर ओढून बसायची. तिला अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. एकदाच ती म्हणाली, "त्यो आवाज सोसंना, अवो." दुसऱ्या दिवशी शिवाप्पाने विटा आणल्या, चुना कालवला आणि पश्चिमेचा झरोका बुजवून टाकला.

पूर्वेचा उघडा आहेच की, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ज्याचा जन्म वाऱ्याच्या जिवावर गेला, त्याने अशी चूक करावी! पण दुःखाला अक्कल कुठली? शिरायची वाटच बंद, तर निघायची उघडी ठेवून काय उपयोग? घर मुके झाले, आणि गौराक्का झोपू लागली.

मग आषाढ आला, श्रावण आला. ओल आली ती आलीच. ती वाशांतून उतरली, तक्तपोशीखाली कोंडली, भोपळ्यांच्या रित्या उदरांत जाऊन बसली. एकेक भोपळा आतून काळवंडू लागला. शिवाप्पा नासलेला भोपळा घोंगडीखाली झाकून खाली आणायचा आणि परसातल्या उकिरड्यात, पाचोळ्याखाली पुरायचा. बायकोपुढे त्याने ब्र काढला नाही. तिला झोप लागत होती, तेवढ्यावर तो सारे सोसत होता.

आज तो लाकूड पाहायला नदीपलीकडच्या गावी गेला होता. गौराक्का चुलीची राख टाकायला परसात गेली. कुत्र्यांनी उकिरडा उकरून ठेवला होता. पाचोळ्यात भोपळ्याची फुटकी पाठ दिसली. आत काळी, केसाळ, ओली बुरशी. एकाखाली दुसरा, दुसऱ्याखाली आणखी. राखेची पाटी तिथेच टाकून ती माळ्याकडे धावली.

लाल दोऱ्याचा भोपळा जागेवर होता. तिने त्याला कवेत घेतले, तोंडाशी नाक नेले. कुबट वास आला. देठाजवळ मसुराएवढा काळा डाग धरला होता. तिने आत बोट फिरवले. पाठ अजून टणक होती, अजून जीव होता त्याच्यात. गौराक्का वैशाखानंतर पहिल्यांदा मोकळेपणी रडली. लेकीसाठी रडली, आणि त्या मुक्या माणसासाठी रडली, ज्याने तिची झोप राखायला उभ्या जन्माची कमाई उकिरड्यात पुरली होती.

मग तिने देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून पूर्वेच्या झरोक्यापाशी धरली. धूर सरळ वर गेला, फळ्यांना टेकला आणि तिथेच साचून राहिला. आता काही विचारायचे उरले नव्हते. तिने नवऱ्याची पटाशी घेतली, हातोडी घेतली आणि पश्चिमेच्या भिंतीला भिडली.

सायंकाळ झाली. नदीवर केशरी, कुंकुमवर्ण, मग जांभळी छाया पसरली. शिवाप्पा परतला आणि माळ्यावर चढला, तेव्हा गौराक्काच्या केसांत चुना होता, बोटे सोलली होती, आणि झरोक्यात शेवटची वीट तेवढी अडून बसली होती.

"ह्ये काय केलंस गौरा? आता तुला झोप लागायची न्हाई."

"न्हाई लागली तर न्हाई," ती म्हणाली. "तिचा भोपळा कुजला, तर झोपून तरी काय करायचं?"

शिवाप्पाने लाल दोऱ्याचा भोपळा उतरवला, धोतराच्या सोग्याने तो डाग पुसला, बोटाने पाठीवर टिचकी मारली आणि कान लावून ऐकत राहिला. "वाचंल," तो म्हणाला. "माघापातुर वाळंल. मग तारा चढवू." भोपळा पुन्हा जागेवर टांगून तो झरोक्याशी आला, आणि दोघांनी मिळून ती शेवटची वीट ओढून काढली.

नदीवरून वारा उठला. जललहरींवरून आला, चिंचेच्या पानांतून आला, पश्चिमेने आत आला. तिन्हीसांजेला पुन्हा लावलेल्या उदबत्तीचा धूर वाकला आणि पूर्वेची वाट धरून निघाला. उरलेल्या भोपळ्यांमधून घुमारा उठला. पूर्वीपेक्षा विरळ, पूर्वीपेक्षा खोल. गौराक्काचा हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला.

मग, जन्मात कधी न गायलेल्या त्या बाईने ओठ न उघडता, घुमाऱ्याला आपला घोगरा, कंपित सूर लावला. सूर सुटला. तिने पुन्हा धरला. पुन्हा सुटला, पुन्हा धरला. लाल दोरा हलत होता. वारा येत होता, जात होता, येत होता, जात होता.