बामाचा वास

साहेब, तुम्ही फसवलंत. चुकून नाही, घाईत नाही. खुर्चीत आरामात रेलून, पहिल्या दिवसापासून ठरवून फसवलंत. आणि जिला फसवलंत, ती बाई तेव्हा तुमच्याच खात्याच्या संडासात अडकून पडली होती.

अडकली म्हणजे कडी बिघडली नव्हती. उकिडवी बसली होती आणि उठता येत नव्हतं. मांड्यांचे दगड झालेले, पोटऱ्यांत कुणी सुया भरलेल्या. नळाला धरावं तर नळ हातात यायचा. उरली भिंत. थुंकीचे आणि आणखी कशाकशाचे ओघळ वाळलेली. जिच्याकडे रोज नाक दाबून पाठ फिरवायची, त्याच भिंतीवर दोन्ही तळवे टेकून ती उठली. ओकारी गिळत बाहेर आली, तर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "काय गं हरणी, आत डुलकी काढलीस का?"

हरणी हे जुनं नाव. विशीत ती पळायची. पळते म्हणूनच खात्याने नोकरी दिली, आणि नोकरी देऊन पाण्याच्या तक्रारींच्या टेबलामागे अशी बसवली की पळणं सुटलं ते सुटलंच. मुलं झाली, कंबर भरली. नाव तेवढं मागे राहिलं, चिडवायला.

मग हे साहेब आले. त्यांना खात्याखात्यांच्या स्पर्धेतली ढाल हवी होती. "तुम्ही आमच्या खात्याची शान आहात, बाई. सोमवारपासून सराव," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर ओलसर हात ठेवला. तिला किळस आली. तरी ती हसली, कारण पळायला मिळणार होतं.

सरावाला जो माणूस नेमला, त्याला सगळे शिट्टी म्हणत. त्याने पहिल्याच सकाळी तिला फेऱ्यांवर फेऱ्या मारायला लावल्या, साहेबांचा फोटोवाला येऊन जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पाय दुखले. तिसऱ्या दिवशी त्याहून दुखले.

"दुखतंय म्हणजे लागू पडतंय!" शिट्टी म्हणाला, आणि त्याने पोटरीत असे अंगठे रुतवले की ती किंचाळली.

घरी आणखी तमाशा. जिना ती पाठमोरी उतरायची, कठड्याला धरून, लहान मूल पलंगावरून उतरतं तशी. नवरा म्हणाला, "अगं, खालचे विचारतायत, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का. बामाचा वास पार दारापर्यंत जातोय." ऑफिसात साहेब तिच्या टेबलाजवळून जाताना नाकाला रुमाल लावायचे. ज्यांच्या ढालीसाठी हा वास होता, त्यांनाच तो सोसवत नव्हता.

सासूबाईंनी एका संध्याकाळी गरम पाण्याची बादली तिच्यासमोर आदळली. "सोड पाय यात. आणि भाजलं तर बोंबलू नकोस. या वयात उड्या मारायला सांगितलं होतं कुणी?"

"साहेबांनी."

"मग त्याला सांग ना बादली उचलायला!"

पाय पाण्यात सोडले आणि तिला विशीतलं सगळं आठवत गेलं. दुखऱ्या स्नायूला रगडायचं नसतं, हलक्या हाताने खालून वर चोळायचं. लोळत पडायचं नाही, सावकाश चालायचं. ठणका उतरल्याशिवाय जोर लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी शिट्टीने शिट्टी फुंकली, तर ती म्हणाली, "फुंका हो. मी आज चालणार."

त्याने वादच घातला नाही. खांदे उडवले. तेव्हाच तिला कळायला हवं होतं.

हळूहळू पाय सुटले. एके सकाळी पार खाली पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण जिना सरळ उतरलो. तिथेच उभी राहून ती एकटीच हसली.

"कितवी येशील?" सासूबाईंनी विचारलं.

"शेवटची आले तरी चालेल. एकदा माझ्या नावाने पळू दे, बस."

तिच्या शर्यतीच्या सकाळी ती मैदानावर गेली, तर तिच्या नंबरचा बनियन एका काटकुळ्या पोरीच्या अंगावर. शिट्टी आडवा आला.

"बाई, नाव खात्यातल्या माणसाचंच लागतं. ते तुमचं आहे. सरावाचे फोटोही तुमचे आहेत. पळेल ती. तुम्ही फक्त शेवटी पदक घ्यायला या."

"हे ठरलं कधी?"

"पहिल्यापासून ठरलेलंच आहे. तुम्हाला काय वाटलं, या वयात तुम्ही ढाल आणणार?"

बनियनसाठी अजून कुणी आपलं माप का घेतलं नव्हतं, ते तिला आता कळलं.

पोरगी गवतात बसून पोटरी दाबत होती. वर बघून म्हणाली, "ताई, बाम आहे का हो? पाय धरलेत."

"का? सराव नाही?"

"कालच पळाले ना, दुसऱ्या खात्याकडून. काल माझं नाव वेगळंच होतं."

हरणीला किळस आली. त्या पोरीची नाही. त्या शिट्टीची, त्या रुमालाची, त्या ओल्या हाताची. ती खाली बसली. गुडघे मुडपले तरी कुठे कळ आली नाही. पिशवीतून बाम काढला आणि पोरीची पोटरी हलक्या हाताने, खालून वर, चोळू लागली.

"पोरी, तुझं खरं नाव काय?"

पोरीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच कानात सांगितलं.

पोरगी पहिली आली. आल्या आल्या तिला तंबूमागे नेऊन बसवलं. मग हरणीचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. विजेत्याच्या पायऱ्या ती कशालाही न धरता चढली. साहेब पदकाची फीत दोन्ही हातांत ताणून हसत पुढे आले. तिच्या हातांचा वास येताच त्यांचं नाक आक्रसलं.

तिने मान वाकवली नाही. फीत त्यांच्या हातात तशीच लोंबत राहिली.

"मान खाली घाला, बाई. फोटो थांबलाय," साहेब ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"घालते ना. आधी एवढं सांगा, साहेब, पळालं कोण?"

साहेबांनी शिट्टीकडे पाहिलं. शिट्टीने जमिनीकडे.

"सांगा. सावकाश सांगा. मी उभी आहे. माझे पाय आता दुखत नाहीत."