तीन खंड बाद करण्याबाबत

महादेवराव मोर्शीचे संत्रा व्यापारी, राहतात अमरावतीत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या जुन्या सचित्र आवृत्त्या ते अकरा वर्षांपासून जमवतात. वाचत नाहीत. वाचल्याने शिलाई सैल होते, असे त्यांचे मत आहे.

त्यांचा सर्वांत मोलाचा, तीन खंडांचा संच एका महाविद्यालयाने तीन दिवसांच्या प्रदर्शनासाठी मागून नेला. चौथ्या दिवशी ते घ्यायला गेले, तेव्हा बेचाळीसच्या बेचाळीस चित्रांवर ग्रंथालयाचा जांभळा शिक्का होता.

"मॅडम, हे काहून केलं?"

ग्रंथपाल प्रणाली मॅडम शांत होत्या. "भाऊ, दारातून आलेलं पुस्तक आमी दाखल करतो. चित्रावर ठप्पा नाई मारला तर पोट्टे ब्लेडनं कापून नेतात."

"प्रदर्शनाले देल्ले होते मी! दान नव्हते देल्ले!"

"तसा कागद हाय का?"

कागद नव्हता. सोमवारी पुण्याचे एक नामांकित संग्राहक हा संच पाहायला महादेवरावांच्या घरी येणार होते. त्यांनी पसंतीची मान डोलावली की महादेवरावही संग्राहकांत मोजले जाणार होते. शिक्क्यांसकट का होईना, संच घरी हवा होता.

मार्ग एकच निघाला. ग्रंथालयाची समिती जीर्ण पुस्तके बाद करते आणि बाद झालेली पुस्तके देणाऱ्याला परत मिळतात. महादेवरावांनी तिथेच अर्ज लिहिला : 'सदर तिन्ही खंड फाटके, वाळवी लागलेले व निरुपयोगी आहेत.'

शनिवारी समिती बसली. समितीवरचे इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक नागसेन सर अकोल्याहून एसटीने आले. त्यांनी दोन तास एकेक पान उलटले.

"वाळवी कुठं हाय?"

"आत असन, सर."

"आत मी पाहिलं. शिलाई पक्की हाय. अन् हे चित्र पाहा, पावसात उभी घोडागाडी. एकेक रेघ हातानं कोरलेली. अख्ख्या वऱ्हाडात असा दुसरा संच नसन."

हे वाक्य ऐकायला महादेवराव अकरा वर्षे थांबले होते. ते क्षणभर खुलले, मग सावरले.

"काई नाई, सर. भंगार हाय."

"भंगार? डोळे हायत का तुमाले?"

"रद्दी हाय ही. मले कळते. अकरा वर्षं जमवून राहिलो मी."

"मंग अकरा वर्षांत काईच नाई शिकले तुमी."

सरांनी अर्जावर शेरा मारला : 'संच उत्कृष्ट. अर्ज नामंजूर. अर्जदारास जुन्या पुस्तकांची पारख नाही.' खाली सही, तारीख.

सोमवारी पुण्याच्या पाहुण्यांना ग्रंथालयातच न्यावे लागले. प्रणाली मॅडमनी तिन्ही खंड टेबलावर मांडले आणि संचाची सगळी माहिती असावी म्हणून शेजारी अर्ज लावलेली फाईलही ठेवली.

पाहुणे शिस्तीचे होते. त्यांनी आधी फाईल वाचली.