दूध गार होईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना लॅक्टोमीटर आहे. नाव ऐकून घाबरू नका. काचेची वीतभर नळी, खाली शिशाच्या छर्र्यांनी भरलेलं पोट आणि वर मानेत आकड्यांची कागदी पट्टी, एवढाच माझा पसारा. मला दुधात सोडलं की मी तरंगतो. दूध चांगलं असेल तर मान वर काढतो, पाणी घातलेलं असेल तर खाली बुडतो. गावात मला कोणीच लॅक्टोमीटर म्हणालं नाही. सगळे म्हणायचे 'डिग्री'. "आज किती डिग्री लागली गं?" असं बायका एकमेकींना विचारायच्या, तेव्हा माझी मान आणखी ताठ व्हायची. कबूल करतो, मी फार गर्विष्ठ होतो. माझ्याइतकं खरं कोणी बोलत नाही, असं मला वाटायचं.

एका कारागिराने फुंकून फुंकून मला घडवलं. मग कापसात गुंडाळून मी अणदूरपासून दोन कोसांवरच्या एका गावात आलो. तिथे नुकतीच सहकारी दूध संस्था निघाली होती. पत्र्याची एक खोली, पुढे ओटा, एक टेबल आणि मला तरंगायला एक उंच भांडं. संस्थेचे चेअरमन होते शांतलिंगअप्पा, आणि दूध तपासायला होती मथुरा. उस्मानाबादला जाऊन ती आठ दिवस हे काम शिकून आली होती. रोज ती मला धुवायची, मऊ फडक्याने पुसायची. तिच्या हातून मी एकदाही आपटलो नाही.

मथुरेचे वडील हिंमतराव त्याच गावात राहायचे, पण बाप-लेकीचा अबोला होता. बहात्तरच्या दुष्काळात हिंमतरावांनी तिचं लग्न घाईघाईने उरकलं. स्थळ बघायला गेले तेव्हा त्यांनी नवरा मुलगा धड पाहिला नाही, विहीर मात्र वाकून वाकून पाहिली. विहिरीला पाणी होतं. पोरीला पाण्याचे हाल नकोत, एवढंच त्यांच्या डोक्यात. पुढच्या उन्हाळ्यात तीही विहीर आटली. सासरच्यांनी मथुरेला कोसभरावरून पाणी आणायला लावलं आणि उशीर झाला की मारलं. एके दिवशी ती घागर तिथेच ठेवून चालत माहेरी आली. हिंमतराव दारात आडवे उभे राहिले.

"दिलेली लेक म्या परत घेत न्हाय," ते म्हणाले.

मथुरा तशीच वळली आणि कडूबाई आत्याच्या घरी गेली. तेव्हापासून सात वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. मधे फक्त दोन गल्ल्या होत्या.

पुढे हिंमतरावांनी चंद्री नावाची म्हैस घेतली आणि दूध संस्थेत घालणं त्यांना भाग पडलं. मग रोज सकाळी माझ्यासमोर मोठी गंमत व्हायची.

"अप्पा, दूध आणलंय म्हणावं."

"अप्पा, ओट्यावर ठिवा म्हणावं."

"अप्पा, ठिवलंय म्हणावं."

दोघं हाताच्या अंतरावर उभी, आणि बिचारे अप्पा इकडचं तिकडे सांगून घामाघूम. किटलीचाही तोच नियम. हिंमतराव ती लेकीच्या हातात देत नसत, लेक तिला हात लावत नसे. अप्पांनीच ती उचलायची आणि भांड्यात ओतायची. अप्पांचं सगळं लक्ष पुढचा निरोप ऐकण्यात. हातात किटली आहे की कंदील, हेही त्यांना कळत नसे.

ऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या भागात पुन्हा टंचाई आली. रानात काडी उरली नाही. पेंड आणि चारा संस्थेच्या सभासदांनाच मिळू लागला, त्यामुळे सभासद वाढले आणि ओट्यापुढची रांग पार वडापर्यंत गेली. त्याच सुमारास हिंमतराव सगळ्यांच्या आधी येऊ लागले. आणि एका सकाळी मी त्यांच्या दुधात सव्वीसवर बुडालो.

अठ्ठावीसच्या खाली गेलं की दुधात पाणी, असा संस्थेचा नियम. तीनदा असं झालं की सभासदाचं नाव कमी. नाव गेलं की चारा गेला, आणि चारा गेला की चंद्री बाजारात. मथुरेने वहीत 'सव्वीस' लिहिलं. 

दुसऱ्या दिवशीही सव्वीसच.

"अप्पा, म्हशीच्या पाठीवर हात ठिवून सांगतो म्हणावं, थेंबभर पाणी न्हाय!"

"अप्पा, मी आकडा बदलत नसती म्हणावं."

मी मनातल्या मनात म्हणालो, शाब्बास पोरी!

तिसऱ्या दिवशी अख्खा गाव उजाडायलाच ओट्यापाशी हजर. मथुरा बापाला वाचवते की बुडवते, हे बघायला. नेमकी त्याच दिवशी अप्पांची दाढ सुजली होती. उपरण्याने जबडा बांधून, दोन्ही हातांनी गाल धरून ते कोपऱ्यात बसले होते.

"अप्पा, दूध आणलंय म्हणावं."

अप्पा नुसते कण्हले. रांगेत कोणी हसलं नाही. दुधाची गाडी यायची वेळ होत आली. अखेर मथुरा टेबलामागून उठली, बाहेर आली आणि तिने किटली स्वतः उचलली. एक हात कडीला, दुसरा बुडाखाली. आणि ती तिथेच थबकली. तिने किटली खाली ठेवली आणि पुन्हा हात लावून पाहिला.

"आबा, धार कवा काढली?"

सात वर्षांनी ऐकलेलं ते 'आबा'. हिंमतराव गडबडले आणि सवयीने कोपऱ्याकडे वळले. "अप्पा, तिला म्हणावं..."

"मला न्हाय, तिला सांगा!" अप्पा उपरण्यातून ओरडले आणि पुन्हा गाल धरून बसले.

"आत्ताच काढली," हिंमतराव जमिनीकडे बघत म्हणाले. "काढली की तडक निघतो. रोजच."

"दूध ऊन असलं की डिग्री बुडती, आबा. बाकीच्यांचं रांगेत गार हुतंय. मला शिकवलं हुतं की हे! म्या किटलीला हात लावला असता तर पयल्याच दिशी कळलं असतं." तिचा आवाज चढला. "पर एवढी घाई कशापायी? माझ्या म्होरं रांगेत उभं राहायची लाज वाटती व्हय?"



"लाज कशाची, मथे," हिंमतराव म्हणाले. "रांग लई वाढली. मागं राहिलं की माणसांच्या आड तुजं तोंड दिसत न्हाय. पयलं आलं म्हंजी दिसतंय."

मथुरेने पदर डोळ्यांना लावला. मग तिने टेबलामागची खुर्ची ओट्यावर आणून ठेवली. "बसा. दूध गार होऊस्तर बसा."

रांग पुढे सरकली. मी इतरांच्या दुधात डुबक्या मारत होतो, पण कान ओट्याकडे. हिंमतराव आधी चंद्रीबद्दल बोलले, मग उन्हाबद्दल. मग एकदम म्हणाले, "त्या दिशी म्या दार आडवलं. चुकलं माजं."  मथुरेने त्यांना तांब्याभर पाणी दिलं.

सगळ्यात शेवटी तिने मला आबांच्या दुधात सोडलं. रांगेतलं कोणीही घरी गेलं नव्हतं. मी डुललो, थांबलो.

"तीस!" मथुरा ओरडली.

अप्पांनी दाढ विसरून टाळी वाजवली.

मित्रांनो, त्यानंतरही हिंमतराव रोज सगळ्यांच्या आधी, ऊन दूध घेऊनच यायचे. "आबा, घरीच गार करून आणा की," असं एकदा कोणी सुचवलं, तर त्याच्यावर केवढे डाफरले! खुर्ची त्यांच्यासाठी ओट्यावर तयार असायची.

आता संस्थेत यंत्र आलं आहे. मी मथुरेच्या त्याच मऊ फडक्यात, टेबलाच्या खणात पडून असतो. कधी तुमच्या हाती लागलो तर जपून धरा, माझी काच पातळ आहे. माझा गर्व मात्र त्या उन्हाळ्यातच फुटला. दोन दिवस मी सव्वीस सांगितलं. आकडा खरा होता, तरीही माणूस खोटा नव्हता. तेव्हा कोणाला खोटं ठरवण्याआधी किटलीला एकदा हात लावून बघा. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.