किसणीने झिजवलेले खांदे

क्लेम हॅडलंडने नवाकोरा लोकरी अंगरखा टेबलावर पालथा घातला आणि स्वयंपाकघरातल्या किसणीने त्याचा खांदा खरवडायला घेतला.

"लोकं आधी कोपर झिजवत्यात," तो म्हणाला. "खनणाऱ्याचा खांदा जातो पयला. फावडं ठेवून ठेवून."

एव्हन नदीकाठच्या त्या नाटकगृहात एकतीस वर्षं त्याचं हेच काम होतं : नवे कपडे जुने करणं. चहाच्या पाण्यात बुडवायचे, मेण चोळायचं, तारेच्या ब्रशने घासायचे. राजांच्या झग्यांना त्याचा हात कधी लागला नाही. त्याच्याकडे यायचे ते चाकर, शिपाई, कबर खणणारे.

समोर स्टुलावर त्याची मुलगी लोर्ना बसली होती. तिथे बसत असलेल्या चारशे वर्षं जुन्या नाटकातली सत्ता, वर्ग आणि भाषा यांवर प्रयोगाच्या पुस्तिकेसाठी लेख लिहायला ती लंडनहून आली होती. राजे छंदात बोलतात, चाकरांच्या वाट्याला गद्य येतं, हे तिने फार छान मांडलं होतं. आडनाव नवऱ्याचं, प्रिडो. क्लेम तिचा बाप आहे हे नाटकगृहात कुणाला ठाऊक नव्हतं. आधी ती सोय होती, मग सवय झाली.

दार ढकलून दिग्दर्शक ऑबरी आला. मागे फेलिक्स, कबर खणणाऱ्याचं काम करणारा नट.

"क्लेम, जरा बोल रे काहीतरी. याला तुझी भाषा हवीय."

"काय बोलू, सायेब?"

"काहीही. न्याहारीला काय खाल्लंस?"

"पावाला चरबी लावली, वरनं मीठ."

फेलिक्सने फोन त्याच्या तोंडाशी धरला. "वरनं मीठ! कमाल आहे. पुन्हा म्हण ना."

क्लेम पुन्हा म्हणाला. मग आणखी एकदा, मधेच खोकून. क्लेम ऑबरीपेक्षा वीस वर्षांनी मोठा होता. लोर्ना वहीत काहीतरी लिहीत राहिली.

"तुमच्या लेखाला जिवंत उदाहरण!" ऑबरी तिला म्हणाला. "तुम्ही इथल्याच का?"

किसणी थांबली. क्लेमने मान वर केली नाही.

"लंडनची," लोर्ना म्हणाली.

"बाई लंडनच्या हायेत," क्लेम म्हणाला. "वळखू येतंय की." आणि पुन्हा खरवडू लागला.

ते दोघे गेल्यावर तो तिच्याकडे बघून हसला. "झ्याक बोललीस, पोरी. कुठं जीभ आडली न्हाई." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिने घड्याळ बघितलं, गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या थांब्यावर क्लेमचं हृदय बंद पडलं.

दहा दिवसांनी त्याचं सामान न्यायला ती आली, तेव्हा निमंत्रित प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम चालू होती. ती मागच्या रांगेत बसली. फेलिक्स कबरीच्या खड्ड्यात उभा राहून तिच्या बापाच्या आवाजात बोलत होता. तोच हेल, तीच ओढ. लोकरीच्या धुळीने क्लेमच्या छातीत बसलेला खोकलाही त्याने सोडला नव्हता. खोकल्यावर सर्वांत जास्त हशा झाला. नाटकात तो मजूर राजपुत्राला शब्दांत पकडतो, निरुत्तर करतो. इथे त्याला केवळ हसण्यासाठी उभं केलं होतं. आणि हसणारे सगळे तिचा लेख वाचून आले होते.

मग तिचं लक्ष फेलिक्सच्या अंगावरच्या कपड्यांकडे गेलं. तो किसणीने झिजवलेला अंगरखा नव्हता. तो क्लेमचा तपकिरी कामाचा कोट होता.

तालीम संपताच ती रंगमंचाशी गेली.

"कसा वाटला कोट?" ऑबरी खुशीत होता. "त्याच्याच खुंटीवर मिळाला. एकतीस वर्षांची झीज, अशी किसणीने थोडीच येते! गोड म्हातारा होता. त्याचं कुणी होतं का हो?"

"काढ त्यो," लोर्ना फेलिक्सला म्हणाली.

फेलिक्सचे डोळे चमकले. "अरे वा! तुम्हाला तर हुबेहूब जमतं!" त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. "पुन्हा म्हणा ना."

"काढ म्हनते न्हवं?" तिने हात पुढे केला. "माझ्या बाचा हाय त्यो कोट. क्लेम हॅडलंड माझा बा हुता."