न्हाणीची वाट

भाद्रपदातलं ऊन सड्यावर उतरतं ते धुऊन, निथळून, कोवळं होऊन उतरतं. आषाढाने झोडपलेला, श्रावणाने भिजवलेला तो तांबडा-काळा कातळ त्या उन्हात हलके हलके वाफाळतो. त्याच्या चिरांतून, खळग्यांतून, बोटाच्या पेराएवढ्या मातीतून हिरवं काही डोकं वर काढतं. आणि मग एका सकाळी, कुणालाही न सांगता, सडा फुलतो.

पाळेवाडीचा हा सडा, गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. श्वेत, शुभ्र, टाचणीच्या माथ्याएवढे गेंद. हळदीच्या बोटासारखा पिवळा कवला. आणि मधोमध, जिथे कातळ परातीसारखा खोलगट झाला आहे तिथे, निळी, निळी, नुसती निळी सीतेची आसवं. त्या खळग्याला गाव सीतेची न्हाणी म्हणतं. फूल नखाएवढं, देठ केसाएवढा. पण अशी असंख्य फुलं एका झुळकीत एकाच दिशेला मान वळवतात, तेव्हा पाहणाऱ्याला स्वतःच्या पायांची लाज वाटते.

म्हणूनच असेल, गावाचा रिवाज आहे. गौरी आल्या की शीमेच्या, म्हणजे हद्दीच्या दगडाशी पायताणं काढायची. सड्यावर अनवाणी जायचं, ते थेट आश्विनातल्या नव्याच्या पौर्णिमेपर्यंत. तोवर गुरंही पलीकडच्या उतारावर. फूल सुकावं, बी गळावं, गळलेलं बी कातळाने पोटात घ्यावं, इतकी सवड त्याला द्यायची. ही फुलं बियांवरच जगतात. यंदाचं बी गेलं की पुढचं वर्ष गेलं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. उंबऱ्यावर पाय देऊ नये हे कुठे लिहून ठेवतं कुणी?

त्या सड्याच्या पायथ्याशी मोरेश्वर पाध्ये राहतात. गावाचे मोरूअण्णा. तालुक्याच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली आणि निवृत्त होऊन घरी आले, ते हातात वेळ घेऊन. त्या वेळेचं काय करावं हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. मुंग्या कुठून कुठे जातात ते पाहा, कुठल्या पानाची शिट्टी वाजते ते पाहा, जुन्या काड्यापेट्यांवरचे वाघ नि हत्ती जमवा. बायको, कुमुदताई, ओसरीवर तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. अण्णा हसायचे. आणि पुढे जेव्हा पुण्याच्या भाच्याने त्यांना स्वतःची वेबसाइट उघडून दिली, तेव्हा त्यांनी कुमुदताईंच्या टोमण्याला साक्षी ठेवून तिचं नाव ठेवलं: रिकामे उद्योग.

साधी, सारवलेल्या अंगणासारखी ती वेबसाइट. जाहिरात नाही, वाजणारं काही नाही. एका पानावर मुंग्यांचे रस्ते, एकावर काड्यापेट्या, एकावर कुमुदताईंच्या ठिपक्यांच्या रांगोळ्या. आणि सगळ्यांत लाडकं पान सड्याचं. प्रत्येक फुलाचा फोटो, त्याखाली त्याचं नाव, रंग, हंगाम, आणि दोन ओळी मायेच्या. कुणी पाहावं म्हणून अण्णा लिहीत नव्हते. पाहिलेलं कुठेतरी ठेवायला हवं म्हणून लिहीत होते.

तरी एक पाहणारी होती. कुवेतमध्ये राहणाऱ्या शरयू भिडे. त्यांचं आजोळ शेजारच्याच गावचं. दर भाद्रपदात त्या खाली चार शब्द लिहून जात: आज आजोळी जाऊन आले. त्या चार शब्दांवर अण्णांचा आठवडा आनंदात जायचा. एका वर्षी त्यांनी विचारलं, न्हाणीची वाट आता नीटशी आठवत नाही, कुठून वळायचं असतं? लेकीला दाखवायची आहे, सुट्टीत आले की नेईन म्हणते.

आणि अण्णांनी वाट लिहिली. जीव ओतून लिहिली. पिंपळाचा पार, तिथून डावीकडे. मग तो उतार जिथे करवंदीची जाळी अंगावर येते. मग शीमेचा दगड, त्याला हात टेकवून क्षणभर दम घ्या. पुढे सरळ चढ, आणि मग समोर न्हाणी. आजोळच्या मुलीला सांगावी तशी सांगितली. आजोळच्या मुलीला काय सांगायचं नसतं, तेही त्यांना ठाऊक होतं. दगडाशी काय काढायचं, हे तिला का सांगावं?

ते पान जगाला उघडं होतं. एवढंच अण्णांच्या ध्यानात आलं नाही.

कुणा भटकंतीवाल्याने ते उचललं. फोटोतला निळा उपसून उपसून असा भडक केला की फुलं कपड्यांची नीळ ओतल्यासारखी दिसू लागली. वर मथळा: कोकणातलं गुप्त निळं तळं, गर्दी व्हायच्या आत जाऊन या. खाली अण्णांची वाट, शब्द न् शब्द, मायेसकट. ते दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने उचललं. गुळाचा खडा उघडा पडल्यावर मुंग्यांना आवतण लागत नाही. पण मुंग्या रांगेत येतात. हे रांगेतही आले नाहीत.

आले ते गाड्या घेऊन आले. आले ते गाणी घेऊन आले, भोंग्यासकट. जिथे वाऱ्याचा पदर सळसळला तरी ऐकू यावा, तिथे ढोलकीचे ठोके आदळू लागले. कुणाच्या लग्नाआधीचे फोटो: नवरदेव निळ्यात पालथा, नवरी निळ्यात उताणी, दोघांवर गुलाबी धूर सोडणारे तिघे, आणि आकाशात भुणभुणणारा एक यांत्रिक भुंगा. कुणी आसवं मुठीने उपटून केसांत माळली. ती केसांपर्यंत जाईतो मेली होती, म्हणून फेकली, पुन्हा उपटली. गेंदांवर वेफर्सच्या पिशव्या. कवल्यावर बाटल्या. चिरेत कोंबलेला बाळाचा लंगोट, फुगलेला, ओघळणारा. आणि न्हाणीच्या काठावर, निळ्यावर, तांबडी, लांबट, अजून ओली पानाची पिचकारी.

ती अण्णांनी पाहिली. शिसारी म्हणतात ती हीच. अंगावरून गोम जावी तशी ती जाते आणि हात झटकून जात नाही.

घरी येऊन पाहावं तर वेबसाइटवरही तेच पाय. जिथे शरयूताईंचे चार शब्द असायचे, तिथे आता माणसं येऊन थुंकून जात होती. फुलं फारच छोटी आहेत, पैसे वसूल नाहीत. पार्किंगची सोय नाही. चहा मिळत नाही, लेखकाने आधी सांगायला हवं होतं. तळं कुठे आहे? फसवणूक. एकाने तर काड्यापेट्यांच्या पानावर जाऊन घोरण्यावरच्या गोळ्यांची जाहिरात चिकटवली होती, वाघाच्या बरोबर खाली. अण्णा ती पुसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा असे. रांगोळीच्या पानावर काय लिहिलं होतं ते त्यांनी कुमुदताईंना वाचू दिलं नाही.

मग एका सकाळी अण्णा शीमेच्या दगडाशी जाऊन उभे राहिले. येईल त्याला हात जोडून सांगू लागले, पायताणं काढा, बी गळेपर्यंत तेवढं करा. कुणी हसून पुढे गेले. कुणी विचारलं, तिकीट किती. कुणाला वाटलं वर देऊळ आहे, आणि देव कुठला हे विचारून, देव नाही म्हटल्यावर बुटांसकट चढले. देव नाही म्हणजे मग काय, काहीच नाही.

त्यांत एक तरुण होता. चांगल्या घरचा, चांगल्या बोलण्याचा, पायांत पांढरेशुभ्र बूट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून मोबाइल काढला, पान उघडलं आणि अदबीने अण्णांसमोर धरलं.

"काका, मी हे वाचूनच आलोय. यात तसं काही लिहिलेलं नाहीये."

अण्णांनी वाचलं. पिंपळाचा पार. करवंदीची जाळी. शीमेचा दगड, त्याला हात टेकवून क्षणभर दम घ्या. त्यांचीच अक्षरं, त्यांचीच माया, आणि त्या मायेत एक भोक, ज्यातून अख्खी जत्रा आत शिरली होती. त्या तरुणाने मोबाइल खिशात ठेवला. मग नमस्कार करून वर गेला. त्याचा राग करावा असंही काही त्याने केलं नव्हतं.

त्या क्षणी अण्णांना गर्दीची किळस आली होती त्याहून अधिक स्वतःच्या शब्दांची आली. मुंग्या, पानं, रांगोळ्या, वाघ, हत्ती, सगळ्यांची. घरी येऊन त्यांनी वाट पुसली. पण ज्या वाटेवरून माणसं गेली ती पुसून जात नाही. ती शंभर ठिकाणी उतरवून घेतलेली होती. मग ते म्हणाले, सगळंच बंद करतो. नको हे उद्योग. घरातला कचरा बाहेर टाकतात, मी घरातलं सोनं उकिरड्यावर ओतलं.

कुमुदताई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. एरवी टोमण्याला टपलेली बाई, त्या दिवशी हळू बोलली.

"बंद कशाला करता? घरचा पत्ता दिलात, उंबरा सांगायचा राहिला. तो सांगा."

अण्णांनी ऐकलं, पण केलं नाही. कळ दाबून बंदही केली नाही आणि उघडूनही पाहिली नाही. वर्षभर वेबसाइट तशीच राहिली, कुलूप न लावलेल्या, पण कुणी झाडत नसलेल्या घरासारखी. अण्णांच्या मनात एकच होतं, ते तोंडावर येत नव्हतं: बी गळलं असेल का? कुठल्या तरी एका चिरेत, कुणाच्या टाचेखाली न येता, मूठभर तरी गळलं असेल का?

आषाढ झोडपून गेला. श्रावणातच यंदा गाड्या आल्या, फुलं यायच्या आधी, कारण कुणीतरी लिहिलं होतं की गर्दी टाळायची तर लवकर जा. लवकर आलेल्यांनी ओल्या कातळावर नाच केला. पायांबरोबर माती गेली, जी साठायला कातळाला युगं लागली होती. मग काही नाही म्हणून तेही परतले, शिव्या देत.

गौरींच्या दुसऱ्या दिवशी अण्णांच्या मोबाइलवर शरयूताईंचे शब्द आले. अण्णा, यंदा न्हाणी फुलली का? लेकीला घेऊन यायचं ठरतंय.

दोघं नवराबायको सड्यावर निघाली. शीमेच्या दगडाशी अण्णा थबकले. वर सांभाळायला काही उरलं असेल की नाही, कुणास ठाऊक. कुमुदताईंनी चपला काढल्या, दगडाशी जोडून ठेवल्या. अण्णांनीही काढल्या.

न्हाणी उघडी होती. कातळ, काळा, घासलेला, स्वच्छ म्हणावा इतका रिकामा. गेंद नाही, कवला नाही, निळ्याचा टिपूस नाही. काठाला एका कोपऱ्यात हातभर चिखल तेवढा उरला होता, उन्हाने घट्ट झालेला. त्यात एका बुटाचा तळवा उमटला होता. आणि त्या तळव्याच्या नक्षीत, टाचेपाशी, कारखान्याने कोरलेलं फूल होतं. पाच पाकळ्यांचं, रेखीव, सुबक. त्या साली सीतेच्या न्हाणीत तेवढंच एक फूल आलं होतं.

अण्णा बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग जसा सगळ्या फुलांचा काढत आले, तसाच त्यांनी त्याचा फोटो काढला, जवळून, उजेड बघून. कुमुदताईंनी तोंड फिरवलं होतं. त्या रडत होत्या.

त्या दुपारी रिकामे उद्योगवर नवं पान उघडलं. वर तो फोटो. खाली, जिथे नाव, रंग, हंगाम असायचा, तिथे अण्णांनी लिहिलं. नाव: बूट. रंग: चिखलाचा. हंगाम: बारमाही. मायेच्या दोन ओळींच्या जागी एकच ओळ आली: शीमेच्या दगडाशी पायताणं काढा.

शरयूताईंना दुसरं उत्तर दिलं नाही.

पायथ्याशी पुन्हा एक गाडी येऊन थांबली, दारं आपटली. आणि वर, सड्यावर, भाद्रपदातलं ऊन दरवर्षीसारखंच उतरलं, धुऊन, निथळून, कोवळं होऊन उतरलं. झुळूक आली, न्हाणीवरून गेली. मान वळवायला तिथे कुणी नव्हतं.