डाव्या खिशातली नोट

ओब्रादने तळहात जेमाइलच्या कपाळावर असा आपटला की ट्रंपेटचं तोंड दातांवर आदळलं आणि वरचा ओठ आतून फाटला. नोट मात्र घामाला चिकटून बसली. जेमाइलने रक्त गिळलं आणि सूर सोडला नाही.

"झोपून वाजव," ओब्राद त्याच्या कानाशी ओरडला. "माझ्या पोराचं लग्न आहे."

जेमाइल धुळीत आडवा झाला. ओब्रादने कमरेचं पिस्तूल काढून त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर जमिनीत दोन गोळ्या झाडल्या. माती तोंडावर उडाली. मांडवातल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि फेर धरून नाचणारे आणखी जोरात नाचू लागले.

वाजवणाऱ्याच्या कपाळावर नोटा चिकटवायच्या ही दक्षिण सर्बियात लग्नाची रीतच. चिकटवलेली नोट वाजवणाऱ्याची. ती परत मागायला येणारा माणूस त्या खोऱ्यात अजून जन्माला यायचा होता. जेमाइल सत्तावीस वर्षं कपाळ पुढे करत आला होता. चापट्यांचं त्याला काही वाटत नसे, दातांना मात्र तो जपे. ओठ फाटला तर आठवडा जातो, पुढचा दात गेला तर धंदा जातो. त्याचे वडील असेच बावन्नाव्या वर्षी ट्रंपेट खुंटीला टांगून भंगार गोळा करायला लागले होते.

जेवणासाठी वादन थांबलं तेव्हा तो मांडवामागे गेला आणि कपाळावरच्या, सदऱ्यात खोचलेल्या नोटा काढू लागला. ढोल वाजवणारा शाबान, त्याच्या बायकोचा भाऊ, शेजारी उकिडवा बसला होता. दिनारांच्या चुरगळलेल्या नोटांत एक जांभळट नोट निघाली तसा दोघांचाही हात थांबला.

"पाचशे युरो," शाबान म्हणाला. "दाजी, पाचशे युरो."

"चुकून आलीय. उजव्या खिशात दिनार ठेवलेत त्याने, डाव्यात युरो. पाचशे दिनार द्यायचे होते त्याला, जेमतेम चार युरोंचे."

"मग? हात त्याचा, खिसा त्याचा, कपाळ तुमचं. आपण कुठे चोरी केली?"

"त्याला ठाऊक नाही ना."

"तुमचा ओठ फाडला तेही त्याला ठाऊक नाही. ओठाचे पैसे समजा."

"ओठ मी विकायला काढला नव्हता."

"आज ही परत करा, उद्यापासून प्रत्येक दारुडा सकाळी उठून आपली नोट मागायला आपल्या दारात उभा. सहा जणांची पोटं आहेत, दाजी. तुमच्या एकट्याच्या पुण्याचा सवाल नाही हा."

शाबानचं चूक होतं असं जेमाइलला वाटलं नाही. ती नोट त्यालाही हवी होती. नको असायला तो काही साधू नव्हता. पण लहानपणापासून तो ज्या ज्या अंगणात वाजवायला गेला, तिथे यजमानीण आधी कोंबड्या आत हाकलायची. जिप्सी आले, सांभाळा. ते बोलणं खरं करायची त्याची तयारी नव्हती, पाचशे युरोंनाही नाही. तो उठला आणि सरळ मुख्य टेबलाकडे गेला. ओब्रादला बाजूला बोलवावं एवढी अक्कल त्याला त्या वेळी सुचली नाही.

"मालक, ही तुमची. चुकून दिलीत मघाशी."

ओब्राद व्हिएन्नात बांधकामावर मुकादम होता आणि इथे राजा. त्याने नोट पाहिली आणि चढलेली दारू झर्रकन उतरली. नोटेसाठी हात थोडा पुढे आलाही. तेवढ्यात शेजारी बसलेला व्याही वाकून पाहू लागला. व्याही मटणाचा मोठा व्यापारी, लग्नात कोण किती खर्च करतो यावर सकाळपासून डोळा ठेवून होता.

"पाचशे युरो? जिप्सीच्या कपाळावर?" व्याही म्हणाला. "ओब्रादराव, आमच्या पोरीने नशीब काढलं."

सगळं टेबल पाहू लागलं. आता नोट घेतली तर व्याह्यासमोर नाक कापलं जाणार होतं. ओब्राद सावकाश उभा राहिला.

"माझे पैसे मला ओळखता येत नाहीत, असं चारचौघांत सांगतोस?" त्याने जेमाइलच्या थोबाडीत ठेवून दिली, मग दुसऱ्या गालावर. नोटेचा बोळा करून त्याच्या सदऱ्यात कोंबला. "दिली म्हणजे दिली. चल, चालता हो."

टेबल खूश झालं. व्याह्याने ग्लास उंचावला.

तोंड धुवायला जेमाइल मागच्या स्वयंपाकघरात गेला. रस्त्याच्या बाजूला ओब्रादचं तीन मजली घर होतं, फाटकावर सिमेंटचे सिंह. वर्षातले अकरा महिने त्याला कुलूप असे. ओब्रादची आई स्तोयांका मागच्या एका खोलीत राहायची. नातवाच्या लग्नात ती सकाळपासून कढया घासत होती. जेमाइलचं तोंड पाहून तिने काही न विचारता मिठाचं पाणी करून दिलं.

"मावशी, ही ओब्रादची," चूळ भरून झाल्यावर त्याने नोट पुढे केली. "चुकून आलीय माझ्याकडे. उद्या शुद्धीवर आले की द्या त्यांना."

तिने हात पुसले, नोट सपाट केली.

"केवढी आहे रे?"

"तुमची चार महिन्यांची पेन्शन."

ती नोटेकडे पाहत राहिली. "घर बांधलं तेव्हापासून किल्लीसुद्धा व्हिएन्नाला नेतो. माझ्या हातावर एक दिनार टेकवला नाही त्याने कधी. दोन हिवाळे झाले, चुलीत कुंपणाच्या फळ्या घालतेय." मग तिने नोट घडी करून एप्रनच्या खिशात टाकली. "देईन," ती म्हणाली.

चारच्या सुमाराला मंडळी नवरीला घेऊन चर्चकडे निघाली आणि वादकांना रजा मिळाली. बाकीचे चौघे नोटांचा वाटा घेऊन बसने पुढे गेले. जेमाइल आणि शाबान घरामागे गाडीत ढोल चढवत होते, तिथे ओब्राद एकटाच आला.

"आण ती इकडे."

"माझ्याकडे नाही, मालक."

पहिला ठोसा पोटात बसला. शाबान मध्ये पडला तर त्याच्या बरगडीला पिस्तूल लागलं. तो मागे सरून गाडीला टेकला. ओब्रादने जेमाइलचा सदरा फाडला, खिसे उलटे केले, बूट काढून झटकले. काही मिळेना तसा पेटला. जेमाइल खाली पडल्यावर त्याने लाथा घातल्या. ढोलात लपवली असेल म्हणून चाकूने ढोल फाडला. जेमाइलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. पाठ आणि कमर त्याने देऊन टाकली होती.

बोटांच्या फटीतून त्याला स्वयंपाकघराचं दार दिसलं. स्तोयांका उंबऱ्यात उभी होती, जेमतेम पाच पावलांवर. तिने एक शब्द बोलायचा अवकाश होता. जेमाइल वाट पाहत राहिला. तिचा हात एप्रनच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. ती लेकाकडे बघत नव्हती, जेमाइलकडे बघत होती. शब्द त्याच्याकडेही होता. तो उच्चारला की ओब्रादचा हाच हात तिच्या खिशाकडे जाणार आणि तिने मूठ सोडली नाही तर ह्याच लाथा. आणि ती मूठ सोडणार नाही, हे तिच्या खांद्यांवरूनच कळत होतं.

ओब्रादने त्याचे केस धरून डोकं वर ओढलं. "शेवटचं विचारतोय."

"ठेवून घेतली मी," जेमाइल म्हणाला. "चोरली. घरी पाठवूनही दिली."

ओब्रादचा चेहरा सैल पडला. त्याला जणू बरंच वाटलं. "आता कसा बोललास," तो म्हणाला. "मी ओळखूनच होतो." आणि त्याने पिस्तुलाचा दस्ता जेमाइलच्या तोंडावर हाणला.

तो गेल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटलं गेलं आणि आतून कडी लागली. शाबानने जेमाइलला उठवून गाडीच्या पायरीवर बसवलं, पाण्याची बाटली दिली. जेमाइलने ओंजळीत थुंकलं. ओंजळीत दोन दात होते, दोन्ही पुढचे. त्याने ते रुमालात बांधले.

"दाजी," शाबानने विचारलं, "नोट गेली कुठे, खरं सांगा."

दार पाच पावलांवर होतं, आणि खरं कळलं असतं तर सहा वाटेकऱ्यांतल्या शाबानला ती पाच पावलं चालायला काहीच वेळ लागला नसता.

"सांगितलं ना," जेमाइल कसाबसा म्हणाला. "मीच ठेवली."

शाबानने फाटलेला ढोल गाडीत ढकलला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.

"सहा वाटे होते, दाजी," तो समोर बघत म्हणाला.

जेमाइलने होकारार्थी मान हलवली.